जास्वंदीची छाटणी आणि आमचा गणपती

पुढच्या अंगणातली तांबडी जास्वंद कौलांच्या वर गेली तेव्हा सासूबाईंना फुलं काढायला आकडी लागायला लागली. आकडीने फांदी ओढायची, एका हाताने धरून ठेवायची, दुसऱ्याने फूल खुडायचं. फांदी सुटली की सपकन तोंडावर, वर चार ओंबील, म्हणजे चावऱ्या तांबड्या मुंग्या, मानेवर. ब्याऐंशीव्या वर्षी हा उद्योग नको, म्हणून २०२२ साली मी कोयता घेतला.

दिव्यांची अवस होऊन दोन दिवस झाले होते. पाऊस जरा उघडला होता, हात शिवशिवत होते. तासाभरात झाड कमरेइतकं केलं आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायले.

त्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला होते. चतुर्थीच्या पहाटे सासूबाई परडी घेऊन झाडापाशी उभ्या. झाड हिरवंगार, पानं तळहाताएवढी, कळी औषधाला नाही. "अगो, पानं छान आल्येत हो," एवढंच म्हणाल्या. शेजारच्या वहिनींकडून फुलं मागून आणली. ते "पानं छान आल्येत" मला अजून ऐकू येतं.

चूक सरळ होती. जास्वंद फुलते ती नव्या फुटीवर, शेंड्याकडच्या पानांच्या बेचक्यात. जुन्या लाकडावर नाही. म्हणून छाटणी हवीच; एक शेंडा कापला की खालून दोन-तीन फुटवे येतात, तेवढी फुलायची ठिकाणं वाढतात. पण ती फूट लांबायला, कळी धरायला वेळ द्यावा लागतो. आमच्या झाडाला कापल्यापासून भरून फुलायला अडीच महिने लागतात. मी दिला होता एक.

आता मी गणपतीपासून मागे मोजते. तरी आमच्या कोकण किनाऱ्यावर एक अडचण आहेच. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असते, पोफळींचं शिंपणं आधी, जास्वंदीला कोण विचारतो! आणि मृगानंतर पाऊस असा लागतो की कापलेली टोकं काळी पडून खाली कुजत जातात. मधली वेळ म्हणजे वळवाच्या एक-दोन सरी झाल्यावर, पाऊस बसायच्या आधी. त्यातून गणपती काही एका जागी थांबत नाहीत. गेल्या वर्षी, २०२५ला, २७ ऑगस्टला आले. यंदा अधिक ज्येष्ठ, म्हणजे थेट १४ सप्टेंबर. म्हणून मी निम्म्या फांद्या मेअखेरीस कापते आणि उरलेल्यांचे शेंडे जूनमध्ये चांगली उघडीप मिळाली की खुडते. एक खेप पुढेमागे झाली तरी दुसरी सापडते.

कोयता मात्र सोडला. जास्वंदीची साल तागासारखी चिवट. कोयत्याचा घाव बसला की लाकूड तुटतं, पण साल तुटत नाही. फांदी खाली लोंबते आणि जाताजाता वीतभर साल सोलून नेते. त्या उघड्या जागेत पावसाचं पाणी मुरतं. माझ्या पहिल्या पराक्रमातल्या दोन फांद्या अशाच बुंध्यापर्यंत वाळल्या. आता सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री वापरते, धार लावून, स्पिरिटने पुसून. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, शोधायचा आणि त्याच्या जरासा वर तिरका काप घ्यायचा, म्हणजे पाणी ओघळून जातं. डोळा आतल्या बाजूचा निवडला तर नवी फूट झाडाच्या पोटात शिरते, तिथे गचपण होतं, आणि गचपणात पिठ्या ढेकूण, ती पांढरी कीड, आलाच. त्याच्या मागे मुंग्या. वाकड्यातिकड्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या म्हणूनच मी आधी काढते, उंचीचं मग बघते. कुठलीही फांदी एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापत नाही. माझं झाड खांद्याइतकं राहील असं ठेवलंय, म्हणजे सासूबाईंचा हात पोचतो.

खताचं थोडक्यात: शेणखत आणि चुलीतली राख, बस. युरिया घातलात तर पुन्हा "पानं छान" ऐकायची तयारी ठेवा.

कापलेल्या फांद्या टाकवत नाहीत. वीतभर तुकडे करून, वरची दोन पानं ठेवून, गडग्याच्या कडेला खोचते. पावसाळ्यात त्या आपल्याआप धरतात. त्यातल्या दोन शेजारच्या वहिनींना दिल्या, उसनी फुलं फेडली म्हणून. त्यांना आमच्यासारखं एकेरी फूल आवडत नाही, गेंदेदार हवं असतं, पण घेतल्या.

आदल्या संध्याकाळी सासूबाई टपोऱ्या कळ्या खुडून केळीच्या पानावर ठेवतात, सकाळी त्या उमललेल्या असतात. पहाटे गडग्यावरून हात घालणारी पोरं आहेत ना आळीत! गेल्या चतुर्थीला सासूबाईंनी पानावर एकवीस मोजल्या आणि उरलेल्या झाडावरच सोडल्या. "पोरांना असूदेत," म्हणाल्या.