लोखंडी घोडा येईपर्यंत

स्वीडनमधल्या स्वेग गावात रस्त्याच्या कडेला तेरा मीटर उंचीचं लाकडी अस्वल उभं आहे. जगातलं सर्वांत मोठं लाकडी अस्वल, असं गावकरी सांगतात. त्याच्या पायाशी उभं राहून फोटो काढताना मी काकांना म्हणालो, "एवढं एकच अस्वल दिसलं तरी आपल्याला पुष्कळ झालं." काका हसले नाहीत.

काका म्हणजे ऑस्टरशुंडमधले माझे शेजारी. स्वीडनमध्ये सत्तरीच्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. तोंडावर मीही तेच करतो, पण मनात ते काकाच. त्यांचं मूळ गाव हेर्येदालेनच्या जंगलात, आणि दर सप्टेंबरला ते गावच्या टोळीबरोबर मूसच्या, म्हणजे तिकडच्या भल्यामोठ्या हरणाच्या, शिकारीला जातात. उत्तर स्वीडनमध्ये हा हंगाम सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होतो. त्या आठवड्यात प्लंबर मिळत नाही, सुतार मिळत नाही. कोकणात गणपतीला कोण भेटतं का, तसंच.

माझ्याकडे बंदूक नाही, परवाना नाही, आणि आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार हा शब्दच चोरून बोलायचा झाला. त्यामुळे मी नुसता सोबती. डोक्याला भगवी टोपी (हो, भगवीच, गोळी चुकून आपल्याकडे येऊ नये म्हणून), पाठीवर थर्मास आणि तोंडाला कुलूप.

पहाटे टोळीप्रमुखाने नकाशावर जागा वाटल्या. कोण कुठल्या मचाणावर, कोणी कुठल्या दिशेला गोळी झाडायची नाही, वासरू की नर, सगळं आधी ठरलेलं. मग तूवाला सोडलं. येम्टहुंड जातीची करडी कुत्री, शेपूट जिलबीसारखी वळलेली. ती मूसचा पाठलाग करून त्याला पळवत नाही. त्याच्यापुढे उभी राहून भुंकत राहते, आणि मूसही वैतागून जागचा हलत नाही. तिच्या गळ्यातल्या पट्ट्यावरून काकांच्या फोनवर ती कुठे आहे ते दिसतं, आणि मिनिटाला किती वेळा भुंकते तेही. आकडा ऐंशीच्या वर गेला की काका श्वाससुद्धा बेताने घेतात.

नवाच्या सुमारास एकच बार झाला. रेडिओवर दोन शब्द आले आणि सगळे उठले.

नर होता. पोट फाडून आतडी बाहेर काढायचं काम काकांनी केलं. उशीर झाला तर मांस वाया जातं. थंड हवेत त्या ढिगातून वाफ निघत होती. मी लांब उभा राहिलो, हे कबूल करतो. मग दोघं जण 'लोखंडी घोडा' आणायला गेले. म्हणजे रबरी पट्ट्यांवर चालणारं छोटं यंत्र, एवढा मोठा मूस ओढायचा तर तेच लागतं. उरलो काका, मी आणि झाडाला बांधलेली तूवा.

वाट बघताना मी विचारलं की इथे अस्वलं कितपत आहेत. काका म्हणाले, देशात २००८ च्या सुमारास तीन हजारांवर होती, आता अडीच हजारांच्या आसपास, आणि त्यातली बरीचशी याच पट्ट्यात. एरवी माणसाचा वास आला की ती आपणहून वाट सोडतात. धोका असतो शिकाऱ्यालाच, कारण तो चोरपावलांनी हिंडतो, कुत्रा बरोबर असतो, आणि कधी अस्वल जखमी झालेलं असतं. २००४ मध्ये जोकमोकजवळ एक शिकारी गेला, २००७ मध्ये याच येम्टलांड जिल्ह्यात दुसरा. त्याआधी शंभरेक वर्षं कोणी नाही. हे सगळं सांगताना त्यांनी 'अस्वल' हा शब्द एकदाही उच्चारला नाही, 'नल्ले' म्हणत होते. जुनी माणसं जंगलात त्याचं नाव घेत नाहीत. आमची आजी रात्री सापाला 'लांबडं' म्हणायची, ते आठवलं.

आणि तूवा भुंकायची थांबली.

आधी काही कळलंच नाही. बांधल्यापासून ती कुरकुरत होती, मध्येच भुंकत होती, आणि मला त्याची सवय झाली होती. आता तिच्या मानेपासून शेपटीपर्यंत केसांची एक ओळ ताठ उभी राहिली. नाक वाऱ्यावर. घशातून असा आवाज, की लांबवर कुठेतरी मोटार चालू असावी.

चाळीसेक पावलांवर, लिंगनबेरीच्या झुडपांपलीकडे, ते मागच्या पायांवर उभं होतं. लाकडी अस्वलाच्या मानाने लहानच. अंग गडद तपकिरी, तोंडाकडचा भाग थोडा फिका, आणि नाक वर करून हवा हुंगत होतं. माझ्याकडे नाही, त्या वाफाळत्या ढिगाकडे. पळावंसं वाटलं. पाय मात्र शेवाळात रुतल्यासारखे.

काकांची रायफल खांद्यालाच राहिली. अस्वलांची शिकार २१ ऑगस्टला सुरू होते, पण त्या भागातला कोटा आधीच भरला होता. ते कुत्र्यावर चालून आलं असतं तर कायद्याने गोळी घालता आली असती, पण ते फक्त उभं होतं. काकांनी एक हात तूवाच्या पट्ट्यात घातला आणि साध्या, जरा चढ्या आवाजात बोलायला लागले. "हं, आम्ही आहोत इथे. बघितलं आम्ही तुला. जा आता." दुकानात उधारी मागायला आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. मला म्हणाले, "तूही बोल." मी काय बोललो? मराठीतच काहीतरी. बहुतेक "बरं बरं" असं.

ते चारी पायांवर आलं, एकदा जोरात फुरफुरलं आणि वळून गेलं. फांदी मोडल्याचा आवाजसुद्धा नाही. सगळं मिळून दहा-बारा सेकंद झाले असतील. त्यानंतर लोखंडी घोड्याची घरघर ऐकू येईपर्यंतची वीस मिनिटं मात्र फार लांबली.

दुसऱ्या दिवशी काकांनी दुर्बिणीतून ती जागा दाखवली, बरीच लांबून. आतड्यांच्या ढिगावर शेवाळ, माती आणि उपटलेली झुडपं ओढून ठेवलेली होती. म्हणजे ते परत आलं होतं, आणि आसपासच असणार. ती वाट टोळीने तेवढे दिवस सोडून दिली. कोणी कुरकुरलं नाही.

मांस लगेच वाटत नाहीत. चाळीस अंश-दिवस टांगून ठेवतात. हवा आठ अंशांची असेल तर पाच दिवस. मग चिठ्ठ्या टाकून वाटे करतात. सोबत्याला म्हणून मलाही एक तुकडा मिळाला. काळा मसाला घालून रस्सा केला. काकांनी दोनदा घेतला आणि दोनदा नाक पुसलं.

रात्री गावी फोन केला. आप्पांना अस्वलाचं सगळं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उभं होतं ना लांब? बरं झालं. इथे परवा बिबट्याने ओट्यावरून वाघ्याला नेलं. ऊस तोडणीला आलाय, पिल्लं असतील तिची आत."

वाघ्या आमचा कुत्रा. नऊ वर्षांचा होता.