विस्टाच्या डब्याला अखेर पत्ता मिळाला

मिळाला! माझ्या विंडोज विस्टाच्या जुन्या कम्प्युटरला केबल मोडेमकडून इंटरनेटचा पत्ता मिळत नव्हता, ते मागच्या वेळी लिहिलं होतं आणि तुम्ही अंदाज कळवले होते. ‘आयपीकॉन्फिग’ (पत्ता दाखवणारी आज्ञा) मधलं ते मेलं १६९.२५४, म्हणजे कुणी पत्ता दिला नाही की विंडोज स्वतःच लावून घेतो तो, गेलं आणि त्याच्या जागी १००.७२ने सुरू होणारा पत्ता आला. गेटवे (बाहेर जायचं दार) आहे, दोन्ही डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारे सर्व्हर) आहेत, गूगलच्या ८.८.८.८ला पिंग जातोय. मधे राउटर नाही. मोडेममधून निघालेली वायर थेट त्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवाल्या डब्याच्या पाठीत.

कोॲक्सचं (टीव्हीच्या केबलच्या वायरचं) प्रकरण मागच्या वेळीच मिटलं होतं. गच्चीवरचा टीव्हीचा ॲम्प्लिफायर फक्त ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झ पुढे ढकलणारा होता, आणि मोडेम परत बोलतो त्याच्या खालच्या पट्ट्यात. तो काढल्यापासून अपस्ट्रीम (मोडेमकडून परत जाणारा सिग्नल) ४४ डीबीएमव्हीवर शांत आहे, टी३ टाइमआउट (उत्तराची वाट बघून थकणं) बंद. केबलवाला शेवटपर्यंत ‘भिया, टीवी तो चल रिया है’ म्हणत होता. चालणारच की, टीव्हीला उलट काही बोलायचंच नसतं.

तर मोडेम ऑनलाइन, चारही दिवे स्थिर, लॅपटॉप लावला की पत्ता मिळतो. विस्टाच्या डब्याला मात्र नाही. तुमच्यातल्या बहुतेकांचा पहिला अंदाज मॅकचा (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाचा) होता, आणि तो रास्त होता. मोडेम चालू झाल्यावर पहिलं जे कार्ड दिसेल त्यालाच धरून बसतो, दुसऱ्याला दारात उभं करत नाही. म्हणून यंत्र बदललं की दर वेळी मोडेमची वीज काढून पुन्हा दिली. तरीही १६९.२५४. मग नवी कॅट ५ई वायर, मग रिअलटेकचा ड्रायव्हर, मग ‘नेटश’ आज्ञेने टीसीपी/आयपी (नेटवर्कची सेटिंग) रीसेट. फरक शून्य. हेल्पलाइनने नवीन कम्प्युटर घ्यायचा सल्ला दिला. नवीनच घ्यायचा असता तर हा छंद कशाला?

गाडी पुढे सरकली ती हार्ड डिस्कमुळे. त्याच डब्यात विंडोज एक्सपी एसपी३ची जुनी डिस्क लावली. कार्ड तेच, मॅक तोच, वायर तीच, म्हणजे मोडेमला हातही लावायची गरज नाही. एक्सपीला काही सेकंदांत पत्ता! डिस्क बदलून विस्टा, पुन्हा १६९.२५४. लोखंड आणि तांबं दोन्ही निर्दोष सुटले, संशयित एकच उरला.

आता एक्सपी आणि विस्टा मोडेमशी नेमकं काय बोलतात ते ऐकायचं होतं. त्यासाठी स्विच नव्हे, हब हवा, कारण हब प्रत्येक पाकीट सगळ्या पोर्टांवर टाकतो. इंदुरातल्या सिल्व्हर मॉलमधल्या नव्या दुकानांत हब म्हटलं की यूएसबीचा पुढे करतात. शेवटी दुरुस्तीवाल्याच्या खोक्यात १० एमबीपीएसचा एक सापडला, चहाच्या पैशांत. मिळाला तर सोडू नका, हल्ली दिसत नाहीत.

हब वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. ज्या लॅपटॉपवर वायरशार्क (वायरीवरची पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम) चालवाल त्याच्या कार्डावरचे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ आधी बंद करा. नाहीतर लॅपटॉपच आधी बोलतो, मोडेम त्याचा मॅक पकडतो आणि तुम्ही भलतंच भूत शोधत बसता. आणि वायरशार्क ३.० पासून डीएचसीपीच्या (पत्ता मागण्या-देण्याच्या संवादाच्या) फिल्टरचं नाव ‘बूटपी’ नसून ‘डीएचसीपी’ आहे.

एक्सपीची नोंद: डिस्कव्हर (पत्ता कोण देतो?), ऑफर (हा घे), रिक्वेस्ट (हाच द्या), ॲक (दिला). विस्टाची नोंद: डिस्कव्हर, डिस्कव्हर, डिस्कव्हर. ऑफर हबपर्यंत पोचतच नव्हती. दोन्ही डिस्कव्हर शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडली. व्हेंडर क्लास (मागणाऱ्याची ओळख) दोन्हीत ‘एमएसएफटी ५.०’, म्हणजे विस्टा म्हणून कुणी हाकलत नव्हतं. फरक फ्लॅगच्या रकान्यात होता. एक्सपीचा ब्रॉडकास्ट बिट ०, विस्टाचा १.

डीएचसीपीचे नियम सांगणाऱ्या १९९७च्या आरएफसी २१३१ मध्ये हा बिट आहे. ज्याला अजून पत्ता नाही, त्याला थेट त्याच्या नावावर उत्तर पाठवायचं की गल्लीत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारायची, हे तो सांगतो. विस्टा हाक मागतो, एक्सपी थेट उत्तर घेतो. आमच्या सेवादात्याच्या जाळ्यात ती हाक वाटेतच विरत होती. नियमाने वागणारा विस्टाच उपाशी! विस्टाला शिव्या देणं सोपं आहे, मीही भरपूर दिल्यात, पण इथे त्याची बाजू बरोबर आहे.

लगेच रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचं कोठार) उघडणार होतो, तेवढ्यात सुचलं की आधी उलट तपासणी करावी. रास्पबेरी पाय या छोट्या कम्प्युटरवर डीएनएसमास्क (पत्ते वाटणारा प्रोग्रॅम) चढवला, त्यात हाक मारूनच उत्तर द्यायला लावणारी ‘डीएचसीपी-ब्रॉडकास्ट’ची ओळ टाकली आणि विस्टाचा डबा मोडेमऐवजी पायला जोडला. हाक मारून दिलेली ऑफर विस्टाने बिनतक्रार घेतली. म्हणजे त्याचे कान शाबूत.

मग रजिस्ट्री. एचकेएलएम, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, टीसीपीआयपी, पॅरामीटर्स, इंटरफेसेस. तिथे कंसातल्या लांबलचक आकड्यांच्या बऱ्याच किल्ल्या दिसतील. आपली कोणती ते ‘गेटमॅक /व्ही’ सांगतो, वायर लावलेली असताना चालवा. त्या किल्लीत ‘डीएचसीपी कॉन फोर्स ब्रॉडकास्ट फ्लॅग’ (सगळं जोडून) नावाचा डीवर्ड (आकड्याची नोंद) करून किंमत ०. रीस्टार्ट. पुढचं वर लिहिलंच आहे. ‘डीएचसीपी कॉन एनेबल बीकास्ट फ्लॅग टॉगल’ला १ दिला तर विस्टा आधी फ्लॅगसह मागतो, नाही मिळालं तर फ्लॅगशिवाय. डबा वेगवेगळ्या जाळ्यांवर फिरवणार असाल तर हा दुसरा मार्ग बरा.

विस्टाचे सुरक्षा अपडेट ११ एप्रिल २०१७लाच संपले, तेव्हा असा डबा थेट नेटवर का, असं कुणीतरी विचारणारच. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातले पत्ते सेवादात्याच्या नॅटमागचे (अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणाऱ्या यंत्रणेमागचे) असतात, बाहेरून सरळ दार ठोठावता येत नाही. तरी फायरवॉल चालू आहे, बँकेचं काही या डब्यावर करत नाही, आणि खेळून झालं की वायर काढतो. फायरफॉक्स ५२ ईएसआर हा विस्टावर चालणारा शेवटचा. त्यात बऱ्याच साइट अजून उघडतात, याचं मला स्वतःला नवल वाटलं.

खरं तर पुढचा नंबर विंडोज ९८वाल्या पेंटियम थ्रीच्या साउंड कार्डचा होता. ते आता मागे. पाय जोडलेलाच आहे, तर माझ्याकडची प्रत्येक जुनी सिस्टम डिस्कव्हरमध्ये कोणता बिट पाठवते त्याचा तक्ताच करून टाकतो. ९८, २०००, जुनं रेड हॅट घरात आहे. विंडोज एमईची चालती डिस्क कुणाकडे असेल तर कळवा. इंदुरात असाल तर राजवाड्याच्या आसपास कुठेही येऊन घेऊन जाईन.