ओमुरा : एका लहान संस्थानाने दोनदा बदललेला धर्म

जुन्या गोव्यात, मोठ्या चर्चांच्या वर्दळीपासून थोडी बाजूला, सेंट पॉल कॉलेजची कमान तेवढी शिल्लक आहे. तिच्यामागची इमारत केव्हाच गेली. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या चिऱ्यांवर शेवाळ चढते आणि मे महिन्यात ते वाळून काळे पडते. मी ही कमान लहानपणापासून पाहत आलो आहे, पण तिच्यामागच्या कॉलेजात जून १५८७ मध्ये हारा मार्तिन्यो नावाच्या, विशीही न गाठलेल्या जपानी तरुणाने लॅटिनमध्ये भाषण केले होते, हे मला फार उशिरा कळले. रोमला पोपची भेट घेऊन मायदेशी परतणाऱ्या चौघा तरुणांपैकी तो एक होता, आणि त्याचे ते भाषण पुढच्या वर्षी गोव्यातच छापून निघाले. हारा हा हासामी गावचा, आणि हासामी हे क्यूशू बेटावरच्या ओमुरा संस्थानातले गाव. त्याचा सोबती नाकाउरा जुलियाँव त्याच मुलखातला, तर चिजिवा मिगेल हा ओमुराच्या राजाचा प्रत्यक्ष पुतण्या. चौघांतले तिघे एकाच चिमुकल्या संस्थानाशी बांधलेले आहेत, हे ध्यानात आल्यावर मी त्या संस्थानाचा इतिहास वाचायला घेतला.

ओमुरा खरोखरच चिमुकले होते. जपानी संस्थानाचा दर्जा कोकूंत मोजत. आपल्याकडे जशी भाताची खंडी, तसा त्यांचा तांदळाचा कोकू, म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. लाखो कोकूंची संस्थाने आजूबाजूला असताना ओमुराचा आकडा जेमतेम अठ्ठावीस हजारांचा होता. जमीन डोंगराळ, शेती तुटपुंजी. जे काही होते ते जवळजवळ चहूबाजूंनी बंद असलेल्या एका शांत उपसागराच्या काठाने. फुजिवारा या थोर कुळाशी आपले नाते असून पूर्वज दहाव्या शतकात येथे आले, असे घराण्याची वंशावळ सांगते. तीवर अभ्यासकांचा फारसा विश्वास नाही, आणि वंशावळी कशा वाढत जातात हे ठाऊक असलेल्या गोव्याच्या वाचकाला त्याचे नवल वाटू नये.

या घराण्यातला सर्वांत विलक्षण पुरुष ओमुरा सुमितादा (१५३३–१५८७). तो जन्माने ओमुरा नव्हताच; शेजारच्या आरिमा घराण्यातून तो दत्तक आला, आणि त्याला गादी मिळावी म्हणून दत्तक वडिलांचा औरस नसलेला मुलगा गोतो घराण्यात दत्तक देऊन टाकण्यात आला. तो मुलगा, गोतो ताकाआकी, आयुष्यभर त्याचा वैरी झाला. घरात असंतुष्ट सरदार, उत्तरेला हिरादोचे मात्सुरा आणि पुढे पूर्वेला वाढत चाललेले रियुझोजी, अशा कोंडीत सापडलेल्या सुमितादाजवळ एकच नाणे खणखणीत होते, ते म्हणजे किनारा. मात्सुरांच्या हिरादो बंदरात पोर्तुगिजांचे बिनसल्यावर १५६२ मध्ये त्याने त्यांना उपसागराच्या तोंडावरचे योकोसेउरा हे बंदर देऊ केले, आणि पुढच्याच वर्षी तेथे बाप्तिस्मा घेऊन तो दों बार्तोलोमेउ झाला. जपानच्या दाइम्योंपैकी, म्हणजे संस्थानिकांपैकी, किरिस्तांव झालेला तो पहिला.

हे निव्वळ व्यापारासाठी होते काय? तसे असते तर त्याने एवढा अतिरेक केला नसता. पाद्र्यांच्या पत्रांत एक प्रसंग आहे. लढाईला निघालेल्या सुमितादाच्या वाटेत मारिशितेन या युद्धदेवतेचे देऊळ लागले. ही मारिशितेन म्हणजे आपली संस्कृत मरीची, बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोहोचलेली. योद्ध्याने तिला वंदन करून पुढे जायचे, असा रिवाज होता. सुमितादाने देऊळ जाळायला लावले आणि मूर्तीवरच्या कोंबड्यावर तलवार चालवली. दत्तक वडिलांच्या स्मरणार्थ धूप घालण्याऐवजी त्याने त्यांची प्रतिमाच जाळली, असेही तीच पत्रे कौतुकाने सांगतात. लिहिणारे पाद्री असल्यामुळे थोडे मीठमसाल्याचे धरले, तरी सरदार बिथरले हे खरे, कारण बाप्तिस्म्याला काही महिने होतात न होतात तोच बंड झाले आणि योकोसेउरा जळून खाक झाले.

पोर्तुगिजांची जहाजे मग फुकुदा बंदरात आणि १५७१ पासून नागासाकीला येऊ लागली. तोवर नागासाकी हे मच्छीमारांचे खेडे होते. १५७२ मध्ये गोतो, मात्सुरा आणि साइगो यांच्या फौजेने सुमितादाला गढीत गाठले, तेव्हा आत बायकामाणसे धरून ऐंशीच्या आसपास माणसे होती आणि लढणारे सरदार सात, अशी कथा ओमुरात अजून सांगतात. तो त्यातूनही वाचला, आणि दोन वर्षांनी पाद्री गास्पार कुएल्यू यांच्या आग्रहावरून त्याने सगळे संस्थानच किरिस्तांव करायला घेतले. बौद्ध मठ आणि शिंतो देवळे पाडली किंवा जाळली गेली; ज्यांना धर्म बदलायचा नव्हता त्यांना मुलूख सोडावा लागला. पाद्र्यांच्या हिशेबाने साठ हजार माणसे बाटली.

येथे गोव्याच्या माणसाला थांबावेच लागते. आपल्याकडे साष्टीतली देवळे पाडली गेली ती याच्या थोडीच आधी. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला तो याच दशकांत, कारण नदीपलीकडचे अंत्रुज आदिलशहाचे होते. मात्र आपल्याकडे हुकूम परक्या सत्तेचा होता. ओमुरात तो गादीवर बसलेल्या घरच्या धन्याचाच होता, आणि ज्या मठांवर कुऱ्हाड पडली त्यांना त्याच्याच दत्तक पूर्वजांनी दाने दिलेली होती. १५८० मध्ये, रियुझोजी बंदर हिसकावतील या भीतीने, त्याने नागासाकी आणि मोगी ही गावे जेसुइटांच्या, म्हणजे याच पाद्र्यांच्या संघाच्या, हवाली केली आणि बंदराच्या जकातीतला वाटा स्वतःकडे राखला.

सुमितादा १५८७ च्या मे महिन्याच्या अखेरीस आजारपणात वारला. हारा सेंट पॉलमध्ये भाषण करायला उभा राहिला, तेव्हा त्याचा धनी जाऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. जहाजाने बातमी यायला कित्येक महिने लागण्याच्या त्या काळात गोव्यात ते कोणाला कळणे शक्यच नव्हते. जुलैमध्ये जपानचा तेव्हाचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याने पाद्र्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढला आणि पाठोपाठ नागासाकी स्वतःच्या ताब्यात घेतले. १५८८ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने हिदेयोशीच्या नावाने लिहिलेले, चर्मपत्रावरचे सजवलेले पत्र या चौघांच्या जहाजातूनच निघाले. ते आज क्योतोच्या म्योहोइन मठात जपानचा राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेले आहे. त्याला उत्तर आले, पण हुकूम मागे घेतला गेला नाही.

सुमितादाचा मुलगा योशिआकी लहानपणीच बाप्तिस्मा झालेला, नाव सांचो. कोरियाच्या स्वारीत तो लढला, १५९९ मध्ये त्याने उपसागराच्या काठी कुशिमा किल्ला बांधला आणि हिदेयोशीनंतर आलेल्या तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत ओमुरा संस्थानाचा पहिला अधिपती म्हणून त्याची गणना झाली. परंतु नागासाकीलगतची जमीन सरकारने अदलाबदलीत काढून घेतली, त्यामागे पाद्र्यांचा हात आहे असा त्याला संशय आला, आणि १६०६ मध्ये त्याने धर्म सोडून जेसुइटांना हाकलले. पुढच्या वर्षी त्याने भाऊबंदांच्या जमिनी जप्त करून संस्थानाच्या रिकाम्या खजिन्याला आधार दिला, हे मला धर्मांतराइतकेच बोलके वाटते. १६०८ मध्ये होंक्योजी हा निचिरेन पंथाचा मठ उभा राहिला. तेथे ओमुरा अधिपतींची थडगी आहेत, काही तर सहा-सात मीटर उंच, एवढ्याशा संस्थानाला न शोभणारी. आम्ही आता पक्के बौद्ध आहोत हे दुरूनही दिसावे म्हणून ती इतकी वाढवली, असे सांगतात.

सुमितादाचा पुतण्या चिजिवा मिगेल यानेही जेसुइटांना सोडले आणि काही काळ योशिआकीची चाकरी केली. त्याचे म्हणून ओळखले जाणारे थडगे उकरल्यावर २०१७ मध्ये त्यात जपमाळेचे असावेत असे मणी निघाले, आणि तेव्हापासून त्याने खरोखर काय सोडले होते याविषयी वाद आहे. हारा १६१४ मध्ये हद्दपार होऊन १६२९ मध्ये मकावला वारला. नाकाउराला १६३३ मध्ये नागासाकीला खड्ड्यात उलटे टांगून मारले.

दुसरा अधिपती सुमियोरी १६१९ मध्ये अचानक वारला, वारस सरकारमान्य नव्हता, आणि संस्थान बुडण्याच्या बेतात होते. तान्ह्या मुलाला कशीबशी मान्यता मिळवून ते वाचले. म्हणून १६५७ मध्ये कोरी गावांत लपून राहिलेले किरिस्तांव सापडले, तेव्हा चौथा अधिपती सुमिनागा याने दयामाया दाखवली नाही. सहाशेहून अधिक लोक पकडले गेले, चारशेहून अधिकांचा शिरच्छेद झाला. ओमुरात मारलेल्यांची शिरे मिठात घालून चव्हाट्यावर मांडली, आणि नंतर शिरे एकीकडे व धडे दुसरीकडे पुरली. पाद्र्यांच्या जादूने ती पुन्हा जोडली जातील, अशी भीती होती. दोन्ही टेकाडे आज वेगवेगळ्या जागी दाखवतात. सुमितादाच्या हुकमाने ज्यांचे आजे बाटले, त्यांचीच ही नातवंडे असणार.

त्यानंतरचा इतिहास संथ आहे. फुकाझावा गिदायू नावाच्या देवमाशाच्या शिकाऱ्याने कमावलेल्या पैशातून शेतीसाठी तलाव बांधला. हासामीच्या भट्ट्यांतले स्वस्त, जाड वाडगे देशभर खपू लागले. १७९७ मध्ये गोतो बेटांच्या अधिपतीने पडीक जमिनीसाठी माणसे मागितली, तेव्हा ओमुराने आपल्या सोतोमे या किनारपट्टीकडचे शेतकरी जहाजांत घालून पाठवले, आणि त्यांत लपलेले किरिस्तांव भरपूर होते. शेवटचा, बारावा अधिपती सुमिहिरो १८६८ च्या यादवीत बादशहाच्या बाजूने लढला. १८७१ मध्ये इतर सगळ्या संस्थानांबरोबर ओमुराही खालसा झाले. किरिस्तांव धर्मावरच्या बंदीच्या पाट्या उतरल्या त्या १८७३ मध्ये.