लोणारच्या पेपरांचा नकाशा: दोन बेटं आणि एक वय

मंडळी, लोणारवरचे शोधनिबंध गोळा करायचा माझा छंद आता यादीच्या पलीकडे गेला आहे. मागच्या नोंदीत कनेक्टेड पेपर्स या संकेतस्थळापाशी थांबले होते (एक पेपर दिला की त्याच्या जवळच्या पेपरांचं जाळं ते काढून देतं), तिथूनच पुढे सांगते.

सुरुवातीचा पेपर म्हणून १९७३ चा ‘सायन्स’मधला फ्रेडरिक्सन, दुबे आणि सहकाऱ्यांचा पेपर दिला. लोणारचा खड्डा ज्वालामुखीचा नसून बेसाल्ट खडकावर झालेल्या उल्केच्या आघाताचा आहे, हे ठामपणे मांडणारा हा पेपर. त्यातून जे जाळं उमटतं त्यात वर्तुळ जितकं मोठं तितकी त्या पेपरची सायटेशन्स (इतरांनी दिलेले दाखले) जास्त, आणि रंग जितका गडद तितका पेपर नवा. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. दोन वर्तुळांमध्ये रेघ आहे म्हणून एकाने दुसऱ्याचा संदर्भ दिला आहे, असं नाही. दोघांच्या संदर्भयादीत किती नावं सारखी आहेत आणि पुढच्या लोकांनी दोघांचा एकत्र दाखला किती वेळा दिला, यावरून ती जवळीक काढलेली असते. पहिली कल्पना केस्लर यांची, १९६३ ची. दुसरी हेन्री स्मॉल यांची, १९७३ ची. म्हणजे लोणारच्या त्या पेपरचंच वर्ष! मला हे फार आवडलं.

हे जाळं सुंदर दिसतं, पण माझ्या कामाला अपुरं पडलं. आजूबाजूला सगळे खड्डेवालेच: चंद्र, मंगळ, आघाताने बदललेला बेसाल्ट. सरोवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर इतकं काम झालंय, त्यातलं काहीच नाही. एका पेपरपासून निघालं की त्याच्याच भावकीत फिरणं होतं.

म्हणून व्हॉसव्ह्यूअर, पेपरांच्या मोठ्या संचाचा नकाशा काढणारं. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या व्हॅन एक आणि वाल्टमन यांचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ‘द लेन्स’ या पेपर आणि पेटंटांच्या शोधसाइटवर लोणार शोधून निकालांची सीएसव्ही फाइल (साधा तक्ता) उतरवली, ती ते थेट वाचतं. मग शीर्षकं आणि सारांशांतले शब्द घेऊन नकाशा काढला. पहिला नकाशा गचाळ येतोच. ‘लोणार लेक’, ‘लोणार क्रेटर लेक’, ‘लोणार सोडा लेक’ ही तीन वेगळी वर्तुळं, आणि ‘स्टडी’, ‘रिझल्ट’ असली भरताड मधोमध. यावर उपाय थिसॉरस फाइलचा. साधी टेक्स्ट फाइल, टॅबने वेगळे केलेले दोन रकाने: डावीकडे सापडलेला शब्द, उजवीकडे त्याच्या जागी हवा असलेला. उजवा रकाना रिकामा ठेवला की तो शब्द नकाशातून गळतो. सरोवराची तिन्ही नावं एक केली. ‘लोणार क्रेटर’ मात्र मुद्दाम वेगळं ठेवलं. भूशास्त्रवाले खड्ड्याबद्दल लिहितात, जीवशास्त्रवाले पाण्याबद्दल. ती नावं मिसळली असती तर मला जे पाहायचं होतं तेच पुसलं गेलं असतं.

आणि दिसलं ते असं: दोन बेटं. एकीकडे आघात, काच, बेसाल्ट, मंगळ. दुसरीकडे जिवाणू, प्रोटीएज (प्रथिनं तोडणारं विकर), क्षारता, सायनोबॅक्टेरिया. मधे अगदी विरळ धागे. वर्षाप्रमाणे रंग चढवल्यावर दुसऱ्या बेटाची एक कड पिवळी, म्हणजे नवी दिसली. तिथले पेपर उघडून पाहिले तर बरेचसे जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं त्यानंतरचे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचं दाखवलं होतं.

ही फट नुसती चित्रात नाही. लोणारचं वय घ्या. थर्मोल्युमिनेसन्सने (तापवल्यावर खनिजातून निघणाऱ्या प्रकाशावरून वय काढायची पद्धत) १९९७ मध्ये सुमारे ५२ हजार वर्षं निघालं. २०११ मध्ये ‘जिऑलॉजी’त जुर्दां आणि सहकाऱ्यांनी आघातात वितळलेल्या खडकाचं आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने (खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून) मोजलेलं वय दिलं: ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार इकडे-तिकडे. जवळजवळ अकरापट फरक! आता दोन्ही बेटांवरचे २०११ नंतरचे पेपर काढून पहिला परिच्छेद वाचत बसले. खड्ड्याच्या बेटावर दोन्ही आकड्यांची चर्चा सापडते. पाण्याच्या बेटावर अनेक ठिकाणी अजून ‘सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी’ एवढंच. सरोवरातल्या जीवांना तिथे रुळायला किती काळ मिळाला, हा प्रश्न ज्यांचा आहे त्यांच्यापर्यंतच तो आकडा पोचलेला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथे नकाशाची मर्यादाही कळली. १९९७ चा तो पेपर ब्राझीलच्या एका नियतकालिकात आला होता आणि माझ्या संचात तो वर्तुळ म्हणून उमटलाच नाही. इतरांच्या संदर्भयाद्या वाचल्या तेव्हा सापडला. इतका वापरला गेलेला आकडा, आणि त्याचं घरच नकाशावर नाही.

धंद्याच्या बाजूने पाहणाऱ्यांसाठी: लेन्सवर पेटंटांनी दाखला दिलेले पेपर तेवढे गाळून घेता येतात. ती गाळणी लावली की खड्ड्याचं बेट जवळपास रिकामं होतं. उरतात ते विकरं आणि जिवाणूंवरचे. कारण उघड आहे, कपडे धुवायच्या पावडरीचं पाणी अल्कधर्मी असतं आणि त्यात टिकणारं प्रोटीएज कंपन्यांना हवंच असतं.

ओपन नॉलेज मॅप्सही चालवून पाहिलं. शंभर पेपरांचे विषयवार फुगे क्षणात मिळतात. अगदी नव्या विषयात शिरताना छान, पण त्यात नावं एकत्र करायला वाव नाही, त्यामुळे लोणारसाठी मी त्याकडे परत वळले नाही.

पुढचं काम म्हणजे बिब्लिओग्राफिक कपलिंगचा नकाशा, शब्दांऐवजी सारख्या संदर्भांवरून, म्हणजे केस्लर यांची ती पहिली कल्पना. दोन्ही बेटांचे दाखले घेणारे जे मोजके पेपर आहेत ते त्यात मधोमध यायला हवेत, आणि आधी तेच वाचणार आहे. थिसॉरस फाइल कोणाला हवी असेल तर सांगा, पाठवते. आणि १९९७ चा मूळ पेपर कोणाकडे स्कॅन केलेला असेल तर जरूर कळवा.