मार्चएंड आणि डोळे

मार्चएंड म्हणजे सकाळपासून नुसतं एक्सेल. चारच्या सुमाराला डोळे चुरचुरायला लागले. लगेच सल्ला आला, "ब्लू कटचा चष्मा घे गं." नको! बऱ्याच चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात निळा प्रकाश अडवणाऱ्या त्या काचांनी डोळ्यांच्या ताणात फारसा फरक पडलेला दिसला नाही. (दुकानदार मात्र जोरात विकतात.) खरी गोम पापण्यांत आहे. स्क्रीनकडे बघताना आपण त्या कितीतरी कमी मिटतो, वर एसीचा झोत थेट तोंडावर. डोळे कोरडे पडणारच. झोत वळवला, मॉनिटर नजरेच्या जरा खाली घेतला. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांपलीकडे बघायचं, म्हणून समोरच्या गच्चीवरच्या कुरडया न्याहाळत बसले. साहेबांना वाटलं, कामचुकारपणा चाललाय. वाटू दे!