कुकरच्या शिट्टीला भुंकलेलं भेकर

गाडीतून उतरल्या उतरल्या आईंनी चहूकडे नजर फिरवली आणि निकाल देऊन टाकला. "हे कसलं जंगल बाई? झाडं तर प्रार्थनेला उभी केलेल्या पोरांसारखी रांगेत उभी आहेत."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी हयात चंद्रपुरात गेलेली, ताडोबा घरापासून तासाभराच्या आत. तिथला पारा ४५ला टेकायच्या आत आम्ही त्यांना इकडे, केंब्रिजला घेऊन येतो. यंदा त्या आल्या तेव्हा आमची छकुली वीस महिन्यांची झाली होती, आणि चार दिवस कुठेतरी जावं असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं. विमान नको, तीन तासांचा प्रवास नको, हॉटेलची एक खोली तर अजिबात नको. शेवटी एल्वेडन फॉरेस्टचं सेंटर पार्क्स, म्हणजे झाडीतलं सुट्टीचं गाव, ठरलं. ए-११ रस्त्याने आमच्याकडून पाऊण तास.

हे प्रकरण मूळचं डच. पीट डर्कसेन नावाच्या, खेळाच्या सामानाची दुकानं असलेल्या गृहस्थांनी १९६८ साली नेदरलँड्समध्ये झाडीत छोटी घरं बांधून पहिलं 'व्हिला गाव' काढलं. इंग्लंडमध्ये पहिलं शेरवुडला १९८७ साली आलं, आणि सफोकमधलं हे एल्वेडनचं १९८९ साली. राहायचं सोमवार ते शुक्रवार नाहीतर शुक्रवार ते सोमवार. भाडं अख्ख्या लॉजचं, म्हणजे त्या छोट्या घराचं, माणशी नाही, आणि शाळांना सुट्टी लागली की ते भसकन वर जातं. म्हणून ज्यांची पोरं अजून शाळेत जात नाहीत त्यांनी मे महिन्यातला एखादा साधा सोमवार गाठावा. आमच्यासारख्यांना हा फायदा जेमतेम तीन वर्षं मिळतो, तो सोडू नये.

झाडांबद्दल आईंचं काही चुकलं नव्हतं. हा सगळा ब्रेकलँडचा रेताड मुलूख. पूर्वी इथे ससे आणि मेंढ्या, बाकी फारसं काही नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकूड पुरेना, म्हणून १९१९ साली फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं आणि १९२२पासून थेटफर्डच्या या पट्ट्यात पाइन लावायला सुरुवात झाली. म्हणजे हे लाकडाचं शेतच. नवऱ्याने ही सगळी माहिती पुरवल्यावर आई म्हणाल्या, "तेच म्हटलं मी."

पोचायच्या दहा मिनिटं आधी छकुली गाडीत झोपली. लहान मूल असलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दहा मिनिटांची झोप म्हणजे दोन तासांची दुपारची झोप बुडाली. सामान लॉजपाशी उतरवलं आणि नवरा गाडी मोठ्या पार्किंगमध्ये लावायला गेला. इथला नियमच तसा आहे, सामान चढवण्या-उतरवण्यापुरती गाडी आत आणायची, मग जायच्या दिवसापर्यंत ती बाहेर. मी ही ओळ वेबसाइटवर वाचली होती आणि 'बरं' म्हणून पुढे गेले होते.

चिडचिडी छकुली, बाबागाडी आणि मी फिरायला निघालो. तिला बाबागाडी नको होती. खाली उतरवून नेहमीसारखं तिचं मनगट धरलं. तळहात नाही, मनगट, कारण तळहात निसटतो. आमची केंब्रिजची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या, मधून डिलिव्हरीच्या व्हॅन. तिला चालता येऊ लागल्यापासून घराबाहेर तिचं मनगट माझ्या मुठीत असतं. ती "शोड, शोड" म्हणते आणि मी आणखी घट्ट धरते, हा आमचा रोजचा संवाद.

इथेही "शोड" झालं. मी घट्ट धरलं. मग मान वर करून पाहिलं तर समोर डांबरी वाट, दोन्हीकडे पाइन, आणि एकही गाडी नाही. आवाजसुद्धा नाही. आपण नक्की कशाला धरून ठेवलंय हिला?

सोडलं.

ती दहा पावलं गेली, थांबली आणि वळून माझ्याकडे बघितलं, पण आनंदाने नव्हे. संशयाने. आणखी पाच पावलं, पुन्हा वळून पाहिलं. मी काही करत नाही म्हटल्यावर ती वाटेच्या अगदी मधोमध फतकल मारून बसली आणि पाइनचं एक खवल्याखवल्यांचं फळ उचलून त्याचं निरीक्षण करू लागली. रस्त्याच्या मधोमध! माझ्या पोटात गोळा आला तो दुसऱ्या दिवसापर्यंत हळूहळू विरघळला. पूर्ण बेफिकीर मात्र राहू नका. सायकली येतात, आणि उतारावर बऱ्यापैकी वेगात. पण सायकलवाले घंटी वाजवतात, वेग कमी करतात, आणि त्यांच्याही मागे जोडलेल्या छोट्या गाडीत बहुतेक एखादं पोर बसलेलं असतं.

रात्री लक्षात आलं की छकुलीच्या पाळण्याच्या चादरी घरीच राहिल्या. कॉट लॉजमध्ये असते, उंच खुर्ची असते, पण कॉटचं अंथरूण आपलं आपण न्यायचं असतं. हे मला माहीत होतं, यादीतही होतं, तरी पिशवी दाराशीच राहिली. आईंनी बॅगेतून एक सुती साडी काढली, धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली, चौघडी घालून गादीवर ताणून बसवली. छकुली तिच्यावर गाल घासत पडली खरी, पण झोपेल तर शपथ. मे महिन्यात इथे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, आणि पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हाकडे बोट दाखवून ती "दिवश" म्हणत होती. मग दुसरी साडी पडद्याच्या दांडीवरून सोडली. पहाटे चार वाजता पक्ष्यांनी गलका सुरू केला, त्यावर मात्र आईंच्या बॅगेतही उपाय नव्हता.

इथलं मुख्य आकर्षण म्हणजे काचेच्या छताखालचा जलविहार. आतलं तापमान २९.५ अंश राखलेलं, भोवती दमट हवेतली मोठ्या पानांची झाडं. आई पंजाबी ड्रेस घालून काठावर बसल्या. म्हणाल्या, "जूनच्या सुरुवातीला पाऊस पडायच्या आधी जसं होतं ना, तस्सं. पैसे देऊन." लाटा येतात, घसरगुंड्या आहेत, नवरा तीनदा कुठूनतरी ओरडत खाली आला. छकुलीने बाळांच्या उथळ तळ्यात बसून पाऊण तास एका प्लॅस्टिकच्या पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतलं. हे घरच्या बाथरूममध्येही झालं असतं. पाण्यात घालायचे वेगळे डायपर लागतात, ते आठवणीने न्या. आणि परत निघताना ओल्या पोराच्या अंगावर बनियन चढवणं म्हणजे मांजर पिशवीत भरणं, त्याला दोन मोठी माणसं हाताशी ठेवा.

बुधवारची संध्याकाळ मात्र मला बारकाव्यांसकट आठवते.

सहा वाजले होते. कुकरमध्ये वरणभात. कुकर आम्ही घरून नेला होता, त्याबद्दल कोणी हसायचं कारण नाही. आई आणि छकुली अंगणाकडच्या काचेच्या मोठ्या दारापाशी जमिनीवर बसून पाइनची फळं मोजत होत्या, म्हणजे आई मोजत होत्या आणि छकुली ती ओतून देत होती. एकदम आईंचा आवाज दबला. "हालू नको. भेकर."

दाराबाहेर, चार हातांवर, खरंच एक हरणासारखं जनावर उभं होतं. लॅब्रेडॉर कुत्र्याएवढं, तांबूस, पाठ थोडी कमानीसारखी, डोकं खाली घातलेलं. छकुलीने काचेला नाक लावलं. ते चरत चरत आणखी दोन पावलं पुढे आलं. काचेवर तिच्या श्वासाचं वर्तुळ उमटलं, विरलं, पुन्हा उमटलं.

आणि कुकरची शिट्टी झाली.

भेकर दगडासारखं थिजलं, मग शेपूट वर, शेपटीखालचा पांढरा पट्टा चमकला आणि झुडपात गडप. क्षणभराने आतून आवाज आला. भक्. थोडं थांबून पुन्हा, भक्. कुत्रं भुंकावं तसा, पण एकेक, मोजून मापून. दोन-तीन मिनिटं चालू होता.

आई हसून हसून बेजार. "आमच्याकडे हे भुंकलं की सफारीची जिप्सी थांबवतात. म्हणजे वाघ आहे जवळ. इथला वाघ म्हणजे तुझा कुकर गं!"

नवऱ्याने जेवताना खुलासा केला की हे आपल्या भेकराचं चिनी भावंड, रीव्ह्जचं मंटजॅक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास वोबर्नच्या जहागिरीत हौसेने आणून ठेवलेलं. तिथून काही निसटले, काही सोडले गेले, आणि आता लोकांच्या बागांतले गुलाब खात अर्ध्या इंग्लंडभर पसरलेत. "म्हणजे तुमच्यासारखंच," आई म्हणाल्या आणि त्याच्या पानात वरण वाढलं. त्या रात्रीपासून छकुलीला नवीन शब्द मिळाला. "भक्." दचकली की भक्, बदक अंगावर आलं की भक्. तळ्याकाठी पिल्लांसकट फिरणाऱ्या एका बदकिणीशी तर तिचं बराच वेळ भांडण चाललं होतं. आई तिला हाक मारायच्या, "काय करून राहिली गं तू?"

शुक्रवारी सामान भरून निघालो, ते घरी जायच्या आधी एल्वेडन गावातल्या चर्चपाशी थांबायचं ठरवून. तिथे महाराजा दलीपसिंगांची कबर आहे. पाचव्या वर्षी लाहोरच्या गादीवर बसलेला आणि १८४९ साली पंजाबसकट कोहिनूरही गमावलेला तो राजा. १८५४ साली त्यांना इंग्लंडला आणलं. १८६३ साली त्यांनी हीच एल्वेडनची जहागीर घेतली. पुढे १८९३ साली पॅरिसमध्ये वारले. शेजारी राणी बांबा आणि लहानपणी गेलेला मुलगा. तीन दगड, बेतशीर कापलेलं गवत, बाकी काही नाही.

मी आईंना पुढची गोष्ट सांगितली. नऊ वर्षांचा असताना त्याला आईपासून, राणी जिंदांपासून तोडलं. भेट झाली ती थेट १८६१ साली, कलकत्त्यात. तोवर तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. दोनच वर्षांनी ती लंडनमध्ये वारली. इंग्लंडात दहनाची सोय नव्हती, पंजाबात न्यायला परवानगी नव्हती. मग मुलगा तिला घेऊन मुंबईला गेला आणि नाशिकला, गोदाकाठी तिला अग्नी दिला.

"नाशिकला?" आईंनी पुन्हा विचारलं. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. छकुली गवतात डेझीची फुलं उपटत होती. आई वाकल्या, तिच्या मुठीतली दोन फुलं मागून घेतली आणि दगडावर ठेवली. "आमची वैनगंगा पण शेवटी गोदावरीलाच मिळते," एवढंच म्हणाल्या.

घरी पोचलो तेव्हा गल्लीत नेहमीसारखीच दोन्हीकडे गाड्यांची रांग. छकुलीला खाली उतरवलं, ती तडक रस्त्याच्या मधोमध जायला निघाली. मी झडप घालून मनगट धरलं. "शोड!" चार दिवसांनी तिला या गोष्टीचा विसर पडला होता, मला नाही. ती फूटपाथवर लोळण घेऊन रडायला लागली. मी तिला उचलून कडेवर घेतलं, आई मागून बॅगा ओढत येत होत्या. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक पांढरी व्हॅन वळली आणि आमच्या अंगावरून गेल्यासारखी गेली.

छकुलीचं रडं थांबलं. माझ्या खांद्यावरून वाकून तिने त्या व्हॅनकडे पाहिलं आणि मोजून मापून दोनदा भुंकली.