डाव्या हाताचं ऋण

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं शाळेचं पत्र आलं. काय लिहायचं याचा विचार करावाच लागला नाही. मी बाईंबद्दल लिहिणार. गणिताच्या सरांबद्दल, मैदानाबद्दल, स्नेहसंमेलनातल्या नाटकांबद्दल इतर जण भरभरून लिहितीलच. माझ्या वाट्याला शाळेतून जे आलं, ते जवळजवळ सगळं बाईंच्या हातून आलं. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की कोण, हे त्या काळच्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

बाई भूगोल शिकवायच्या आणि प्रार्थनेला पियानो वाजवायच्या. दगडी हॉलमधला तो काळा उभा पियानो गाव सोडून जाणाऱ्या एका मिशनरी कुटुंबाने शाळेला दिलेला होता. पावसाळ्यात त्याच्या पट्ट्या फुगायच्या, दाबली की वर यायच्या नाहीत. म्हणून बाईंनी त्याच्या पोटात, खालची फळी काढून, 25 वॅटचा बल्ब लावून घेतला होता. जूनपासून दसऱ्यापर्यंत तो रात्रंदिवस जळायचा. कसर लागू नये म्हणून कोपऱ्यात डांबरगोळ्यांची पुरचुंडी असायची. झाकण उघडलं की गरम लाकडाचा आणि डांबरगोळ्यांचा मिळून एक वास यायचा. आजही कुठे डांबरगोळ्यांचा वास आला की माझी बोटं आपोआप हलतात.

मी 1974 साली आठवीत होतो. वडील विठ्ठल मंदिरातल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यांच्या मांडीला मांडी लावून मीही शिकलो होतो. एका गुरुवारी प्रार्थना संपल्यावर पोरं पांगली आणि मी पियानोवर उभ्यानेच ‘सुंदर ते ध्यान’ वाजवून पाहिलं. बाई मागे उभ्या होत्या.

“पेटी कोण वाजवतं घरी?”

“बाबा.”

“आणि तुझा डावा हात कुठंय?”

डावा हात माझ्या मांडीवर होता. पेटीवर डावा हात भाता मारतो, सूर सगळे उजव्या हाताचे. भाता नसलेल्या वाद्यावर त्याने काय करायचं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. बाईंनी स्टुलावर बसवलं, तो हात उचलून पट्ट्यांवर ठेवला आणि म्हणाल्या, “याने आजवर नुसती हवा भरलीय. आता याला गायला लाव. शनिवारी शाळा सुटल्यावर ये.”

पुढे अनेक शिक्षक मी पाहिले. नवशिक्याला सहसा उजव्या हाताने चाल आणि डाव्याने साथ असंच देतात. पेटीवरून आलेल्या मुलाला ते दिलं असतं तर माझा डावा हात जन्मभर गडीच राहिला असता. बाईंनी मला पहिल्याच महिन्यात जर्मन संगीतकार शूमानचा ‘आनंदी शेतकरी’ हा तुकडा दिला. त्यात सगळी चाल डाव्या हाताला आहे आणि उजवा हात वर आघात चुकवून छोटे छोटे स्वरगुच्छ, म्हणजे एकदम दाबलेले दोन-तीन सूर, टाकत राहतो. मध्ये थोडा वेळ उजवा हातही तीच चाल वरच्या सप्तकात डाव्याबरोबर वाजवतो आणि पुन्हा एकट्या डाव्याच्या हवाली करतो. पहिल्यांदा ती चाल माझ्या डाव्या हातातून सलग निघाली, तेव्हा मी थांबून त्या हाताकडे पाहत राहिलो होतो. बाईंनी हे पान नेमकं माझ्यासाठी निवडलं होतं हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी बोलून कधीच दाखवलं नाही.

रॉबर्ट शूमान कोण, हेही त्यांनीच सांगितलं, तेही भूगोलाच्या भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून. जर्मनीतल्या सॅक्सनीतलं त्स्विकाऊ गाव, तिथे 8 जून 1810 रोजी एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी जन्म. पियानोवादक व्हायचं म्हणून त्याने अतोनात रियाज केला, उजव्या हाताचं बोट कायमचं दुखावलं आणि मैफली करण्याचं स्वप्न संपलं. मग तो संगीत लिहू लागला. त्याच्या पहिल्या 23 प्रकाशित कृती सगळ्या एकट्या पियानोसाठी आहेत. गुरूची मुलगी क्लारा स्वतः मोठी वादक होती. तिच्याशी लग्न करण्यासाठी त्याला गुरूविरुद्ध कोर्टात जावं लागलं आणि 1840 मध्ये ते लग्न झालं. थोरली मुलगी मारी सात वर्षांची झाली, तेव्हा 1848 मध्ये तिच्या वाढदिवसासाठी त्याने काही सोपे तुकडे लिहिले. ते वाढत वाढत 43 झाले, तोच हा मुलांसाठीचा अल्बम; ‘आनंदी शेतकरी’ त्यातलाच. पहिले 18 लहानांसाठी आणि पुढचे जरा मोठ्यांसाठी. त्यातल्या तीन तुकड्यांना नाव नाही, डोक्यावर फक्त तीन चांदण्या आहेत. बाई ते वाजवायच्या आणि नावं आम्हाला ठेवायला लावायच्या. एकाला आमच्या वर्गाने ‘पाऊस थांबल्यावर’ असं नाव दिलं होतं. आमच्या बॅचच्या कुणाला आठवत असेल.

शूमानने त्या अल्बमच्या जोडीला तरुण शिकणाऱ्यांसाठी सूचना लिहिल्या होत्या. बाईंनी त्या मराठीत करून एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवल्या होत्या आणि शनिवारी एखादी वाचून दाखवायच्या. सोपे तुकडे चांगले आणि सुंदर वाजव, अवघड तुकडे कसेबसे वाजवण्यापेक्षा ते बरं. कुणीतरी उस्ताद ऐकतोय असं समजून वाजव. आणि एक सूचना होती लोकगीतं लक्ष देऊन ऐकण्याबद्दल, त्यांत सुंदर चालींची खाण आहे म्हणून. ती वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, “तुझी आई जात्यावर काय म्हणते?” मी लाजत लाजत ओवीची चाल वाजवली. बाईंनी खाली स्वरगुच्छ लावून पाहिले. एक लावला, बदलला, दुसरा लावला, तोही बदलला. मग हात काढून घेतला. म्हणाल्या, “नको. हिला कुणाचा टेकू लागत नाही. एकटीच वाजव.” मी पुन्हा वाजवली आणि त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. माझ्या आईचं गाणं शाळेच्या हॉलमध्ये, त्या पियानोवर, शूमानच्याच स्टुलावर बसलं होतं. त्या दिवशी मी घरापर्यंत पळत गेलो होतो.

आणखी एका शनिवारी त्यांनी शिपाईमामांना सांगून पियानोची पुढची फळीच काढायला लावली. आत सव्वादोनशेच्या आसपास तारा. एक पट्टी दाबली की नमद्याचा हातोडा तारेवर आपटतो आणि त्याच क्षणी मागे सरतो, तार मोकळी राहते. तिला गप्प करणारी दाबगादी मात्र पट्टी सोडेपर्यंत उचललेली असते. “बघ,” बाई म्हणाल्या, “पेटीचा सूर भाता आहे तोवर जगतो. याचा सूर वाजल्या वाजल्या कमी व्हायला लागतो. म्हणून एक सूर विरण्याआधी दुसऱ्याची तयारी ठेवायची.” मी पुढे वीज मंडळात इंजिनिअर झालो. यंत्राच्या आत डोकावण्याची ओढ मला त्या उघड्या पियानोने लावली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दहावीनंतर शाळा सुटली. मुंबईला इंजिनिअरिंगला असताना धोबीतलावला फुर्तादोच्या दुकानात जाऊन मी पहिल्यांदा स्वतःच्या पैशांनी शूमानची पानं विकत घेतली. ती होती ‘किंडरझेनेन’, म्हणजे बालपणीची दृश्यं. 1838 मधली ही 13 छोटी चित्रं. ही लहानांनी वाजवण्यासाठी लिहिलेली नाहीत. मोठ्या माणसाने मागे वळून पाहिलेलं बालपण त्यांत आहे. पानं होती, पियानो नव्हता. नोकरीत कोराडी, परळी, चंद्रपूर अशा बदल्या झाल्या. क्वार्टरमध्ये एक छोटा कीबोर्ड आला, त्याच्या पट्ट्यांना वजन नव्हतं, तरी डावा हात जागा राहिला. निवृत्तीनंतर पुण्यात जुना उभा पियानो घेतला आणि बाईंनी जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरुवात केली.

‘किंडरझेनेन’मधला सातवा तुकडा ‘ट्रॉयमराय’, म्हणजे स्वप्नरंजन, सगळ्या जगाला ठाऊक आहे. जेमतेम 24 बारचा, म्हणजे तालाच्या 24 छोट्या खणांचा. पेटीवाल्यांसाठी सांगतो, पांढरी चारला सा धरा. खालच्या पंचमावरून सुरुवात, सा वर लांब मुक्काम, मग नि सा ग प आणि थेट तार षड्ज. ऐकायला इतकं साधं. पण तो लांब सूर तिकडे विरत असतो आणि त्याच्या खाली आतले आवाज एकमेकांना जागा देत सरकत असतात. एकाच हाताची दोन बोटं एक आवाज पुढे आणतात आणि उरलेली तीन बोटं दुसरा मागे ठेवतात. हीच ओळ पुन्हा येते तेव्हा उडी तार षड्जावर न थांबता तार गंधारापर्यंत जाते. शेवटाकडे तोच तार गंधार एकदा आणखी येतो आणि त्याच्याखाली अचानक तीव्र मध्यम लागतो. शूमानने तिथे थांबायची खूण केली आहे. त्या जागी मला दर वेळी यमनची आठवण होते. हा यमन नाही हे मला माहीत आहे, पण तीव्र मध्यमाला कान सरावलेला माणूस त्या थांब्यावर इतरांपेक्षा जास्त वेळ रेंगाळणारच. तुकडा बोटांत यायला वर्षाहून जास्त काळ गेला आणि त्यातला एकही दिवस मला जड गेला नाही. गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या पहाटेच्या कार्यक्रमात मी तो वाजवला. ज्येष्ठ मंडळींनी पुन्हा वाजवायला लावला.

मुलगी नोकरीनिमित्त कोलोनला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा बॉनमधलं एंडेनिशचं घर पाहून आलो. फेब्रुवारी 1854 मध्ये ड्युसेलडॉर्फला शूमानने ऱ्हाईन नदीत उडी घेतली. लोकांनी वाचवलं, आणि मग तो स्वतःहून एंडेनिशच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. 29 जुलै 1856 रोजी तिथेच गेला, वय अवघं 46. दोन वर्षांहून अधिक काळ क्लाराला त्याला भेटू दिलं नव्हतं. ती त्याला पाहू शकली ती शेवटच्या दोन-तीन दिवसांत. आज त्या घरात शहराचं संगीत ग्रंथालय आहे. लोक शांतपणे स्वरलिप्या चाळत बसलेले असतात. हा शेवट बाईंनी आम्हाला कधी सांगितला नव्हता. मारीचा वाढदिवस सांगितला, चांदण्यांचे तुकडे सांगितले आणि तिथेच थांबल्या. त्यांना ठाऊक नव्हतं असं होणार नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना किती द्यायचं याचा त्यांचा अंदाज अचूक होता, असं मला तिथे उभं राहून वाटलं.

बाईंची आणि माझी शेवटची भेट पुण्यात, त्यांच्या भाचीच्या घरी झाली. मी काय नोकरी करतो, मुलं किती, हे त्यांनी नंतर विचारलं. आधी म्हणाल्या, “डावा हात काय म्हणतो?” त्यांच्या निधनाची बातमी मला चंद्रपूरला असताना पत्राने कळली, जाता आलं नाही. अल्बममधल्या 28व्या तुकड्यावर शूमानने 4 नोव्हेंबर 1847 ही तारीख घातली आहे, त्याचा मित्र, संगीतकार मेंडेल्सोन गेला तो दिवस. एवढ्या दुःखाचा तुकडा, आणि लिहिला मात्र उजळ स्वरांत. बाईंच्या स्मृतिदिनाला मी तो वाजवतो.

मध्यंतरी शाळेत जाऊन आलो. नवी इमारत सुरेख झाली आहे, संगणक कक्ष पाहून बरं वाटलं. प्रार्थना आता स्पीकरवर लागते. मुलं तिच्याबरोबर गुणगुणतात, गात नाहीत, आणि हे मला मनापासून खटकलं. दोनशे गळे एका जिवंत वाद्याच्या मागे चढायचे ते ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. दगडी हॉलमध्ये आता बाकं रचून ठेवली आहेत आणि पियानो त्यांच्या मागे आहे.

मी पुण्याहून सूर लावणाऱ्या जाणकारांना घेऊन गेलो होतो. त्यांनी तपासून सांगितलं, मागची, सूर घुमवणारी नादफळी शाबूत आहे, कुठे चीर नाही. खुंट्या सैल झाल्या आहेत, हातोड्यांचा नमदा बदलावा लागेल, काही तारा नव्या लागतील. सगळा खर्च मी करतो, तसं पत्र संस्थेला दिलं आहे. आठवड्यातून एक दिवस येऊन शिकवायचीही तयारी आहे, पेटी वाजवणारी मुलं असतील तर आधी त्यांना. बाईंची निळ्या पुठ्ठ्याची वही कुणा माजी विद्यार्थ्याकडे असेल तर कृपा करून कार्यालयात कळवावं, प्रत काढून मूळ वही परत करीन. संस्थेने नव्या इमारतीत जागा तेवढी द्यावी. फक्त बाहेरच्या भिंतीला लागून नको, पावसाळ्यात तिला ओल येते. आणि जवळ एक प्लग पॉइंट असावा, बल्बसाठी.